भाड्यातला वाटा: 'रीट' म्हणजे काय आणि आपल्या पैशाला ते परवडतं का?



गेल्या काही महिन्यांत ग्रामसंघाच्या बैठकांना आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे एक प्रश्न हमखास आला. "ताई, मोबाईलवरून म्हणे पुण्या-मुंबईच्या मोठ्या इमारतीत पैसे घालता येतात आणि दर तीन महिन्याला भाडं खात्यावर येतं. हे खरं का?" कुणाला भूसंपादनाचा मोबदला मिळालेला असतो, कुणाला माहेरच्या जमिनीतला हिस्सा, कुणाची भिशी लागलेली असते. हातात रक्कम आली की घरच्यांपेक्षा बाहेरच्यांनाच ती आधी कळते, आणि मग सल्ले सुरू होतात. म्हणून आज आपण या विषयावर नीट बोलूया.

उत्तर असं की हे खरं आहे. कायद्यानं चालणारा असा प्रकार आपल्या देशात आहे. पण त्याच नावाखाली खोटंही विकलं जातं. खरं कसं ओळखायचं, खऱ्यातही कुठलं कसं आहे, आणि आपल्यासारखीच्या चार पैशांना ते परवडतं का, या तीन गोष्टी आज पाहू.

रीट म्हणजे काय?

समजा, आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत एक गाळा विकायला आहे. तो एकटीला झेपणारा नाही. मग शंभर बायकांनी पैसे काढले, गाळा घेतला, कापडवाल्याला भाड्यानं दिला. भाडं आलं की दुरुस्ती, पट्टी, हिशेबनीसाचा पगार वजा करून उरलेलं वाटून घेतलं. हीच गोष्ट हजारो कोटी रुपयांच्या इमारतींची केली, की त्याला 'रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट' म्हणजे थोडक्यात 'रीट' म्हणतात. आपल्याला जो वाटा मिळतो त्याला 'युनिट' म्हणतात. साखर कारखान्याचा शेअर आपल्या घरात माहीत असतो, तसंच हे. फरक इतका की कारखान्याचा शेअर विकायला खटपट करावी लागते, आणि रीटचं युनिट शेअर बाजारात विकता येतं.

यासाठीचे नियम शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी' या सरकारी संस्थेनं २०१४ साली केले. त्यातले चार नियम आपण लक्षात ठेवायचे.

पहिला: रीटच्या मालमत्तेपैकी निदान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडं देणारी असली पाहिजे. नुसत्या नकाशावरच्या इमारतींवर रीट उभं राहत नाही.

दुसरा: वाटण्याजोगी जी रक्कम उरते, तिच्यातली निदान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना वाटलीच पाहिजे, आणि तीही वर्षातून किमान दोनदा. मोठी रीट सहसा दर तीन महिन्यांनी वाटतात.

तिसरा: कर्जाला मर्यादा आहे. मालमत्तेच्या किमतीच्या ४९ टक्क्यांपलीकडे कर्ज काढता येत नाही.

चौथा: इमारतींचं मूल्यांकन बाहेरच्या मूल्यांककाकडून करून ते जाहीर करावं लागतं, आणि आपल्या वतीनं लक्ष ठेवायला एक स्वतंत्र विश्वस्त असतो.

सुरुवातीला यात निदान दोन लाख रुपये घालावे लागत. २०१९ मध्ये ती रक्कम ५० हजारांवर आली आणि २०२१ मध्ये १० ते १५ हजारांवर. ही अट रीट पहिल्यांदा विक्रीला येतं तेव्हाची. एकदा बाजारात नोंद झाली की एक युनिटसुद्धा घेता येतं. म्हणूनच आज हा विषय आपल्या बैठकीपर्यंत पोहोचला आहे.

कुठली रीट आहेत?

२०२५ च्या अखेरीस शेअर बाजारात पाच मोठी रीट होती. त्यांची नावं अवघड वाटतील, पण त्यांच्या इमारती आपल्याला अगदीच परक्या नाहीत. आपल्या गावातली शिकलेली मुलं-मुली त्यातल्याच एखाद्या इमारतीत रोज कामाला जात असतील.

'एम्बसी ऑफिस पार्क्स' हे सगळ्यात पहिलं. १ एप्रिल २०१९ ला ते बाजारात आलं, तेव्हा युनिट ३०० रुपयांना दिलं होतं. त्याची बरीचशी मालमत्ता बेंगळुरूत आहे. मुंबईत आणि आपल्या पुण्याच्या हिंजवडीतही त्याच्या कचेऱ्यांच्या इमारती आहेत. शिवाय काही हॉटेलं आहेत.

'माइंडस्पेस बिझनेस पार्क्स' ऑगस्ट २०२० मध्ये आलं, २७५ रुपयांना. नवी मुंबईतलं ऐरोली, मुंबईतलं मालाड, पुण्यातलं येरवडा आणि खराडी, शिवाय हैदराबाद आणि चेन्नई, इथे त्याच्या कचेऱ्या आहेत. महाराष्ट्राशी याचा संबंध मोठा.

'ब्रुकफील्ड इंडिया' फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, तेही २७५ रुपयांना. मुंबईत पवई, आणि उत्तरेकडे गुरुग्राम, नोएडा, तसंच कोलकाता इथे त्याच्या इमारती आहेत.

'नेक्सस सिलेक्ट' मे २०२३ मध्ये आलं, १०० रुपयांना. हे वेगळं आहे, कारण याच्याकडे कचेऱ्यांपेक्षा मॉल जास्त. नवी मुंबईतल्या सीवूड्स स्टेशनवरचा मॉल त्याचाच.

'नॉलेज रियल्टी' ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, १०० रुपयांना. हैदराबाद, बेंगळुरू आणि मुंबईतल्या मोठ्या कचेऱ्या त्यात आहेत. हे नवं असल्यानं त्याचा मागचा इतिहास पाहायला मिळत नाही.

यांखेरीज २०२४ मध्ये सेबीनं 'लहान आणि मध्यम रीट' असा एक नवा प्रकार आणला. नाव ऐकून फसू नका. इथे 'लहान' हा शब्द इमारतींच्या किमतीबद्दल आहे, गुंतवणाऱ्या माणसाबद्दल नाही. यात एक युनिटच निदान दहा लाख रुपयांचं असतं. तो आपला रस्ता नाही.

तुलना कशी करायची?

साडी घेताना आपण नुसती किंमत बघत नाही. पोत बघतो, काठ बघतो, रंग जाईल का विचारतो. इथेही तसंच. पाच प्रश्न विचारायचे.

एक: भाडेकरू कोण आणि किती? कचेऱ्यांमध्ये करार काही वर्षांचे असतात, त्यामुळे भाडं बऱ्यापैकी ठरलेलं येतं. मॉलमध्ये ठरलेल्या भाड्याबरोबर काही दुकानांचं भाडं विक्रीवरही अवलंबून असतं. दिवाळीला गर्दी झाली तर चांगलं, आणि टाळेबंदीत शटर खाली गेलं तर आधी फटका त्यालाच.

दोन: किती जागा रिकामी? गाळा रिकामा पडला तर भाडं कसलं? कोरोनानंतर बऱ्याच कंपन्यांची माणसं घरून काम करू लागली. त्यात सेझमधल्या नव्या कंपन्यांना मिळणारी आयकराची सवलत मार्च २०२० नंतर बंद झाली होती. त्यामुळे सेझमधल्या जागा भरणं कठीण झालं. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं सेझ इमारतीचे काही मजले सेझबाहेर काढायची परवानगी दिली, तेव्हा वाट मोकळी झाली. प्रत्येक रीट दर तिमाहीला किती टक्के जागा भरलेली आहे हे जाहीर करतं. तो आकडा आधी विचारा.

तीन: सगळी अंडी एकाच टोपलीत आहेत का? एकाच शहरात किंवा एकाच मोठ्या भाडेकरूकडे फार जागा असेल तर तो भाडेकरू गेला की घर हलतं.

चार: कर्ज किती? कर्जाचा व्याजदर वाढला की वाटण्याचे पैसे कमी होतात. हे आपल्या गटातल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

पाच: वाटप किती आणि भाव किती? ही गोष्ट आपण आकड्यांनी पाहू, कारण इथेच जाहिराती भुलवतात.

२०२३-२४ या वर्षात एम्बसीनं एका युनिटमागे २१ रुपयांच्या थोडे वर वाटले. ब्रुकफील्डनं १७ रुपयांच्या थोडे वर. नुसतं ऐकलं तर एम्बसी जास्त देतं असं वाटेल. पण त्या वर्षाच्या शेवटी एम्बसीचा भाव पावणेचारशेच्या आसपास होता, आणि ब्रुकफीलडचा अडीचशेच्या थोडा वर. म्हणजे शंभर रुपयांमागे एम्बसीनं पावणेसहा रुपयांच्या आसपास दिले, तर ब्रुकफील्डनं सात रुपयांच्या जवळ. मग ब्रुकफील्ड चांगलं का? लगेच तसं म्हणू नका. त्याचा भाव उतरला होता म्हणून टक्केवारी मोठी दिसत होती, आणि भाव उतरला होता कारण त्याच्या बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. ज्यांनी २७५ ला घेतलं होतं, त्यांना वाटप मिळत राहिलं, पण त्या काळात विकायला गेल्या असत्या तर मुद्दल कमी भरलं असतं. म्हणून टक्का मोठा दिसला की विचारायचं, मोठा का दिसतोय?

आपल्या भाषेतला हिशेब

आता दहा हजार रुपये घेऊन बसू आणि चार ठिकाणी ठेवून बघू.

रीट: भाव ३७० धरला तर २७ युनिट येतील. वर्षाला युनिटमागे २१ रुपये धरले तर ५६७ रुपये. म्हणजे तिमाहीला एकशे चाळीसच्या आसपास. युनिटचा भाव वाढला तर वरचा फायदा, उतरला तर मुद्दलात तोटा.

पोस्टाची मासिक प्राप्ती योजना: २०२३ पासून तिचा दर ७.४ टक्के राहिला आहे. त्या हिशेबानं वर्षाला ७४० रुपये. मुदत पाच वर्षांची, पण मुद्दलाला धक्का नाही.

बँक: व्याज बँकेप्रमाणे बदलतं, पण बँक बुडाली तरी एका खातेदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. रीटच्या पैशाला असा विमा नाही.

आणि आपला गट: महिना एक टक्का व्याजानं अंतर्गत कर्ज दिलं, तर दहा हजारांवर वर्षाला १,२०० रुपये येतात. ते गटाच्याच पेटीत, आपल्याच एका बहिणीच्या शेळ्या किंवा शिलाई मशीन उभी करून.

हे चार आकडे शेजारी मांडले की पहिली गोष्ट कळते: गटाची सामूहिक बचत रीटमध्ये घालायची नाही. ती बचत ज्या कामासाठी आहे ते काम गावातच आहे. शिवाय युनिट घ्यायचं तर डिमॅट खातं लागतं, आणि गटाचे पैसे अध्यक्षेच्या किंवा सचिवाच्या नावावरच्या डिमॅट खात्यात गेले, तर उद्या हिशेब कुणाचा आणि भांडण कुणाचं? हा दरवाजा उघडूच नका.

दुसरी गोष्ट: डोक्यावर फायनान्स कंपनीचं वीस-चोवीस टक्क्यांचं कर्ज असेल, तर सहा टक्के भाड्यासाठी पैसे लावणं म्हणजे रांजणाला भोक असताना वरून पाणी ओतणं. आधी ते कर्ज फेडा. चोवीस टक्के वाचवणं ही सगळ्यात मोठी कमाई.

मग रीट कुणासाठी? जिची अडीअडचणीची रक्कम बाजूला आहे, महागडं कर्ज नाही, आणि जिचे काही पैसे निदान पाच-सात वर्षं लागणार नाहीत, तिच्यासाठी. तेही सगळे नव्हे, त्यातला एक भाग.

बैठकीत आम्ही एक उदाहरण मांडतो. समजा एका बहिणीला मोबदल्याचे तीन लाख मिळाले. साठ हजारांचं महागडं कर्ज फेडलं. चाळीस हजार आजारपणा-अडचणीसाठी बँकेत. दीड लाख पोस्टाच्या मासिक योजनेत, त्याचे ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९२५ रुपये येतात. उरले पन्नास हजार. यातले काही तिनं रीटमध्ये घातले आणि भाव दहा टक्के पडला, तर पन्नास हजारांवर पाच हजार कमी दिसतील. ते बघून तिची झोप उडणार असेल, तर तिनं तिथे जाऊच नये. यात कमीपणा नाही. हा सल्ला म्हणून घेऊ नका. विचार कसा करायचा त्याची ही एक रीत आहे. सल्ला हवा तर सेबीकडे नोंद असलेल्या सल्लागाराकडूनच घ्यावा.

प्रत्यक्ष घ्यायचं तर

पॅन कार्ड, आधार आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. त्यावरून डिमॅट आणि ट्रेडिंग खातं उघडतं. आपली बँकही ते उघडून देऊ शकते. साध्या डिमॅट खात्याची एक सवलत आहे: चार लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीला वर्षाचं देखभाल शुल्क लागत नाही. खातं उघडताना ती आवर्जून मागा. मात्र विकताना दर वेळी थोडं ठरावीक शुल्क जातं. म्हणून एकेक युनिट घेऊन एकेक विकत बसलं तर भाडं शुल्कातच संपेल.

इथे एक गोष्ट आम्ही कळकळीनं सांगतो. खात्याला मोबाईल नंबर तुमचा स्वतःचा द्या. पुतण्याचा नको, जावयाचा नको, दुकानदाराचा तर नकोच. ज्याच्या मोबाईलवर ओटीपी, त्याच्या हातात खातं. शिकवायला कुणीही चालेल, पण बटण तुम्हीच दाबायचं. वारसाचं नाव त्याच दिवशी भरा.

वाटप थेट बँक खात्यात येतं. ते तीन-चार प्रकारचं असतं: व्याज, लाभांश, आणि काही भाग कर्जफेडीचा. व्याजाच्या भागावर दहा टक्के कर आधीच कापला जाऊ शकतो. उत्पन्न करपात्र नसेल तर तो परत मागता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. कर्जफेडीचा भाग म्हणजे निव्वळ कमाई नव्हे. एका अर्थी आपल्याच मुद्दलातला थोडा परत आलेला असतो. वाटपाची चिठ्ठी येते ती फेकू नका, पासबुकात ठेवा.

खोटं कसं ओळखायचं?

महाराष्ट्रातल्या खेड्यांना 'जमिनीत पैसे गुंतवा' ही हाक नवी नाही. 'पीएसीएल', म्हणजे लोकांच्या तोंडी 'पर्ल्स', या कंपनीनं शेतजमिनीच्या नावानं देशभरातल्या साडेपाच कोटींहून जास्त लोकांकडून पैसे घेतले. सेबीनं २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली. इतकी वर्षं उलटली, तरी त्या पावत्या अजून कित्येक घरांच्या पेटीत आहेत. त्या पावत्यांवर बायकांचीही नावं आहेत, आणि त्यातला पैसा मजुरीचा, दुधाचा आणि कोंबड्यांचा आहे.

आता तीच हाक मोबाईलवरून येते. म्हणून हे पाठ करून ठेवा.

"महिन्याला दहा टक्के भाडं, हमखास" असं कुणी म्हणालं तर ते रीट नाही. खरं रीट हमी देत नाही आणि वर्षाला मिळतात त्यापेक्षा जास्त टक्के महिन्याला देऊ शकत नाही.

पैसे कुणा माणसाच्या खात्यात किंवा फोन नंबरवर पाठवायला सांगितले तर थांबा. खरी खरेदी फक्त आपल्या ट्रेडिंग खात्यातून होते आणि युनिट आपल्या डिमॅट खात्यात दिसतं.

"आणखी दोघींना आणा, कमिशन मिळेल" असं असेल तर ती साखळी आहे.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आलेल्या लिंकवरून कुठलंही अॅप उतरवून घेऊ नका.

शंका असेल तर सेबीच्या मोफत दूरध्वनीवर विचारा: १८०० २२ ७५७५. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, घरात लपवू नका. त्याच तासाला १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी ती फार कमी उरते.

मैत्रिणींनो, शहरातल्या काचेच्या इमारतीचं भाडं आपल्या पासबुकात यावं ही गोष्ट आज खरंच शक्य आहे, आणि ती फक्त शिकलेल्या किंवा श्रीमंत माणसांसाठी राखून ठेवलेली नाही. पण शक्य आहे म्हणून लगेच करायला हवं असंही नाही. येत्या बैठकीत एक काम करा. वहीत चार रकाने आखा: महागडं कर्ज, अडचणीचे पैसे, पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे, आणि खरोखर मोकळे पैसे. प्रत्येकीनं आपापले आकडे घरी जाऊन भरा, कुणाला दाखवायची गरज नाही. चौथ्या रकान्यात काही उरलं, तरच रीटची चौकशी करा. नाही उरलं, तर पहिला रकाना रिकामा करायला सगळ्यांनी मिळून लागूया. तुमचे प्रश्न गटाच्या सचिवाकडे लिहून द्या, पुढच्या भागात त्यांची उत्तरं घेऊन आम्ही येतो.

नमस्कार.